आमच्या डीपी रोडचं बारसं: नाव कोणाचं लावायचं?

वाघबीळकर

मंडळी, ठाण्याचे आणि नवी मुंबईचे जाणकार इथे बरेच आहेत म्हणून विचारतो. घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला आमच्या सोसायट्यांच्या मधून अठरा मीटरचा डीपी रस्ता, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातला रस्ता, जातो. त्याला आजवर नाव नाही. पत्ता सांगताना "टॉवरच्या मागे, पाण्याच्या टाकीसमोर" एवढंच सांगतो, आणि डिलिव्हरीचा पोरगा टाकीला प्रदक्षिणा घालून शेवटी फोन करतो. आता अचानक नाव द्यायचं घाटतंय, आणि त्यावरून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे पेटलंय त्यापुढे पार्किंगची भांडणं काहीच नाहीत.

तीन तट पडलेत. गावठाणातल्या लोकांना त्यांच्या शाळेतल्या दिवंगत गुरुजींचं नाव हवंय. आज जिथे टॉवर आहेत तिथल्या शेतांमधली पोरं या माणसाने हाताला धरून शाळेत नेली. टॉवरमधल्या बऱ्याच जणांना एखादा राष्ट्रपुरुष हवाय, म्हणजे कोणी तोंड उघडणार नाही. तिसऱ्यांचं म्हणणं, बिल्डरच्या प्रोजेक्टचंच इंग्रजी नाव द्या, रिसेलला बरं पडतं. (हे खरंच लिहिलंय ग्रुपवर. उडवलंही नाही.)

तर प्रश्न असे. नाव ठरतं कसं? हरकत घ्यायची तर कुठे? नाव पडल्यावर आधार, घरपट्टी, खरेदीखत सगळं बदलत बसायचं का? आणि तुमच्याकडचे किस्से असतील तर येऊ द्यात. माझा कौल गुरुजींना आहे, हे आधीच सांगून टाकतो.

नौपाड्याची नात

किस्से हवेत ना, मग राम मारुती रोडपासूनच सुरुवात करते. आमचे हे नागपूरचे. लग्नानंतर बरेच दिवस ते त्या रस्त्यावर रामाचं एक आणि मारुतीचं एक अशी दोन देवळं शोधत होते. राममारुती महाराज हे सत्पुरुष होऊन गेले, कल्याणला त्यांची समाधी आहे, हे सासऱ्यांनाही मीच सांगितलं. दिवाळी पहाटेला त्या रस्त्यावर नटूनथटून लोटणाऱ्या पोरापोरींपैकी कितींना हे ठाऊक असेल? पण नाव कसं शाबूत राहिलंय बघा! कोणी "आरएम रोड" म्हणत नाही.

शास्त्रीजींच्या नशिबी मात्र ते नाही. जुना आग्रा रोड होता, त्याला लाल बहादूर शास्त्री मार्ग नाव दिलं, आणि लोकांच्या तोंडी उरलं काय, तर एलबीएस. माझ्या भाचीला ते कुठल्याशा बँकेचं नाव वाटायचं. मुंबईत हॉर्नबी साहेबाला हटवून दादाभाई नौरोजींना आणलं, त्यांचा झाला डीएन रोड. मोठ्या माणसाचं लांबलचक नाव द्यायचं आणि वर्षभरात त्याची तीन अक्षरं करायची, यात सन्मान कोणाचा होतो ते मला कळलेलं नाही.

वाघबीळकर, तुमच्या गुरुजींचं नाव सुटसुटीत असेल तर तेच द्या.

बावीस नंबर

आयडीवरून ओळखलं असेलच, वागळे इस्टेटचा माणूस. आमच्याकडे नावांची भानगडच नव्हती. एमआयडीसी १९६२ साली निघाली, तिची पहिली वसाहत ही आमची. कारखान्यांसाठी रस्ते आखले आणि नंबर टाकले, झालं. आजही शेअर रिक्षावाला "सोळा नंबर, बावीस नंबर" असाच ओरडतो. कारखाने गेले, आयटीची ऑफिसं आली, नंबर हलले नाहीत.

ठाण्याची खरी नावं कंपन्यांनी आणि टॉकीजनी दिलीत हो. कॅडबरी, नितीन कंपनी, गोल्डन डाइज. यातलं एकही नाव कुठल्या ठरावाने आलेलं नाही. सकाळची पाळी गाठायला बसमधून उतरणाऱ्यांनी कंडक्टरला सांगितलं "नितीन कंपनी", कंडक्टरने तिकीट फाडलं, नाव पक्कं. आज त्या उड्डाणपुलाखाली उभ्या राहणाऱ्या पोराला नितीन कंपनीत काय बनायचं ते विचारून बघा. वंदना टॉकीजचंही तेच. पडदा कधीच पडला, एसटी मात्र अजून "वंदना"लाच थांबते.

म्हणून म्हणतो, तुम्ही ग्रुपवर कितीही भांडा. तुमच्या रस्त्याचं नाव उद्या कोपऱ्यावरचा मेडिकलवाला ठरवणार आहे.

नौपाड्याची नात

@बावीस नंबर, पोखरण रोड राहिला. दर पावसाळ्यात कोणीतरी नवीन माणूस विचारतो, राजस्थानात बॉम्ब फोडला म्हणून नाव दिलं का? अणुचाचणी १९७४ ची. आमच्या आजीच्या बोलण्यात पोखरण त्याच्या कितीतरी आधीपासून होतं, ठाण्याला पाणी देणारा तलाव म्हणून.

टेबल क्रमांक चार

नोकरीची सगळी वर्षं एका महापालिकेत काढून निवृत्त झालो. कुठल्या, ते विचारू नका. नामकरणाच्या फायली माझ्या टेबलावरून पुष्कळ गेल्या, त्यामुळे प्रश्नांची उत्तरं देऊ शकतो.

सगळ्यात आधी रस्ता कोणाचा ते बघा. डीपी रस्ता पालिकेच्या ताब्यात आलेला असला तरच पालिका त्याला नाव देऊ शकते. घोडबंदर पट्ट्यात कित्येक रस्ते आराखड्यावर आहेत, डांबरही पडलंय, पण हस्तांतर कागदावर झालेलंच नाही. असा रस्ता अजून विकासकाचा. तिथे लावलेली पाटी म्हणजे सोसायटीच्या गेटवरच्या पाटीसारखीच, पालिकेच्या दप्तरी तिला किंमत शून्य. रस्ता बांधकाम खात्याचा किंवा महामार्गाचा असेल तर महासभेचा ठराव म्हणजे नुसती शिफारस. तेव्हा ग्रुपवरचं भांडण थांबवून आधी एक माहिती अधिकाराचा अर्ज टाका: अमुक सर्व्हे नंबरांमधून जाणारा रस्ता ताब्यात आहे का, आणि त्याला यापूर्वी काही नाव दिलं आहे का. दुसरा प्रश्न विसरू नका. अर्ध्या प्रकरणांत नाव आधीच दिलेलं असतं, पाटी गंजून पडलेली असते, आणि लोक नव्याने बारसं करायला निघालेले असतात.

रस्ता पालिकेचा निघाला की पुढे असं: नगरसेवक किंवा नागरिक पत्र देतात, प्रशासन अभिप्राय देतं, विषय महासभेच्या पटलावर येतो, सूचक-अनुमोदक होतात, ठराव मंजूर. नगरसेवक नसतात तेव्हा महासभेचं काम प्रशासकच करतो. नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून बराच काळ तसा कारभार चाललेला आपण सगळ्यांनी पाहिला. अभिप्रायात बघतात काय, तर त्याच नावाचा दुसरा रस्ता किंवा चौक जवळपास आहे का, घरच्यांची संमती आहे का, जुनं नाव पुसलं जातंय का. हयात माणसाचं नाव देत नाहीत. तशी प्रथा आहे, आणि चांगली आहे.

एक गंमत सांगतो. नामकरणाचे विषय पटलावर शेवटी येतात आणि "वाचले असे समजून मंजूर" होतात. पाण्यावर चार तास भांडलेली सभा रस्त्याच्या नावावर चार मिनिटंही देत नाही. पुढे मोर्चा निघाला की मग सगळे इतिवृत्त शोधायला येतात. म्हणून हरकत घ्यायची ती विषय पटलावर यायच्या आधी, लेखी, सचिव विभागात आणि प्रभाग कार्यालयात, दोन्हीकडे.

कागदपत्रांची चिंता सोडा. खरेदीखतात आणि इंडेक्स टूमध्ये जमीन ओळखली जाते ती सर्व्हे नंबराने किंवा सिटी सर्व्हे नंबराने. नवी मुंबईत सेक्टर आणि प्लॉट नंबर. रस्त्याचं नाव बदललं म्हणून मालकी हलत नाही. घरपट्टीला मालमत्ता क्रमांक असतो, पोस्टाला पिन कोड पुरतो. आधारवरचा पत्ता पुढे कधी दुरुस्त कराल तेव्हा नवं नाव घाला.

वाघबीळकर

@टेबल क्रमांक चार, काका, मनापासून आभार. हस्तांतराचं डोक्यातच आलं नव्हतं. तुमचा मजकूर तसाच ग्रुपवर टाकला. दहा मिनिटं पूर्ण शांतता, मग एकाने विचारलं, "पण रस्ता आपला नसेल तर मग खड्डे कोणाचे?"

सेक्टर पंधरा

मी वाशीकर. तुमचा हा सगळा ताप बघून सिडकोला मनोमन हात जोडले. चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल, प्रवीणा मेहता या वास्तुविशारद-अभियंता मंडळींनी साठच्या दशकात खाडीपलीकडच्या शहराची, म्हणजे नवी मुंबईची, कल्पना मांडली, १९७० मध्ये ते वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली आणि सगळं नोड, सेक्टर, प्लॉट असं बसवलं. वाशी, सेक्टर अमुक, प्लॉट तमुक. कोणाचा बाप काढायला नको, कोणाच्या भावना दुखवायला नकोत. जपानात तर बहुतेक रस्त्यांना नावंच नसतात, घरांच्या गटांना नंबर असतात, आणि टोकियो व्यवस्थित चालतं. चंडीगड तसंच. शिवाय आता पोस्टाने २०२५ मध्ये डिजिपिन आणला, दहा अक्षरांत तुमचं नेमकं दार सापडतं. माणसांचा सन्मान करायचाय? ग्रंथालय बांधा, शिष्यवृत्ती द्या. रस्ता हा जाण्यायेण्यासाठी असतो.

ऋतुगंध

@सेक्टर पंधरा, खिक्. सेक्टर पंधरा वाशीत आहे, बेलापूरला आहे, ऐरोलीत आहे, खारघरलाही आहे. माझ्या आईने गौरीसाठी मागवलेला मुखवटा कुरियरवाल्याने बेलापूरच्या पंधरामध्ये नेऊन दिला, आणि तिथल्या काकूंनी "आमचीच गौर आली" म्हणून उघडलाही. तुमच्या डिजिपिनला सांगा, गौरी आवाहनाच्या आदल्या दिवशी नीट वाग म्हणावं.

सारसोळे जेटी

सेक्टर पंधरा, राग मानू नका, पण हे बोललंच पाहिजे. नंबर टाकला की भांडण नाही, हे ज्यांच्या गावावर नंबर पडला नाही त्यांनी म्हणायचं.

मी सारसोळ्याचा. पत्त्यात आता नेरुळ, सेक्टर सहा. शिरवण्याचा माणूस सेक्टर एकचा, जुहूगावचा वाशी सेक्टर अकराचा. या शहरासाठी ९५ गावांची जमीन गेली. शेतं गेली, मिठागरं गेली, खाडीवर जायच्या वाटा गेल्या. त्या प्रत्येक तुकड्याला आमच्या बायांच्या तोंडी नाव होतं. कुठल्या बांधाला काय म्हणायचं, खाडीच्या कुठल्या उघाडीवर कोलीम, म्हणजे बारीक कोळंबी, मिळेल, हे सगळं नावावरून चालायचं. नकाशा आखणारे साहेब चांगले होते, हुशार होते, शंका नाही. पण त्यांच्या कागदावर ती जागा कोरी होती. कोरी नव्हती हो ती.

नंतर जी नावं आली ती बघा. पाम बीच रोड. बीच कुठे आहे? एका बाजूला तिवरं, दुसऱ्या बाजूला टॉवर. सीवूड्स हे एका गृहसंकुलाचं नाव, ते स्टेशनला मिळालं, आणि दारावे गाव आपलं मागे जोडाक्षरासारखं चिकटवलेलं. आमची पोरंही मित्रांना सांगताना "सीवूड्स" सांगतात. मी त्यांना दोष देत नाही.

म्हणून नवी मुंबई विमानतळाला दिबांचंच नाव हवं या आंदोलनाचं तुम्हाला नवल वाटलं असेल, आम्हाला नाही वाटलं. जून २०२१ मध्ये १० तारखेला मानवी साखळी झाली, मग २४ तारखेला, दि. बा. पाटील साहेबांच्या स्मृतिदिनी, बेलापूरला सिडको भवनाला घेराव. मी होतो. टीव्हीवर दाखवलं दोन नेत्यांच्या नावांतलं भांडण. दुसरं नाव पुढे होतं ते बाळासाहेब ठाकऱ्यांचं, त्यांच्याबद्दल आमच्यात कोणाच्या मनात अनादर नव्हता, गावागावात शिवसैनिक आहेत. मुद्दा वेगळा होता. जासईला १९८४ च्या जानेवारीत गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले, तेव्हा उभा राहिलेला माणूस दिबा. साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळाली ती त्या लढ्यामुळे. रस्ते नंबरांचे, सेक्टर नंबरांचे, स्टेशन बिल्डरच्या नावाचं. निदान एका मोठ्या गोष्टीवर आमच्यातल्या माणसाचं नाव असावं, एवढंच होतं.

सेक्टर पंधरा

@सारसोळे जेटी, राग कशाला येईल. दिबांच्या नावाला माझाही पाठिंबाच होता. पण विमानतळ आणि गल्लीबोळ यात फरक करा ना. विमानतळाचं नाव बदलायला राज्याचं मंत्रिमंडळ, विधिमंडळ, केंद्र असा सगळा प्रवास आहे. २९ जून २०२२ ला एका सरकारने शेवटच्या बैठकीत दिबांच्या नावाचा निर्णय घेतला, पुढच्या महिन्यात दुसऱ्या सरकारने तोच पुन्हा घेतला, ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं तरी नावासाठी आंदोलनाचे इशारे चालूच होते. हेच प्रत्येक गल्लीत व्हायला हवंय का?

सारसोळे जेटी

गल्लीत भांडण नको, बरोबर आहे. मग गल्लीचं जुनं नाव विचारून ठेवा की. सेक्टरची पाटी आहे तिच्याखाली "पूर्वीचं अमुक शेत" एवढं लिहायला कुठलं मंत्रिमंडळ लागतं? आमच्यातली जी माणसं अजून ही नावं सांगू शकतात ती आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना खुर्ची टाकून बसवा, कोणीतरी वही घेऊन समोर बसा.

बावीस नंबर

सारसोळे जेटी, ही कल्पना आवडली. पहिल्यांदा या धाग्यावर खर्च न येणारं काहीतरी कोणी सुचवलं.

मीठबंदर

चेंदणी कोळीवाड्यातून लिहितोय, पूर्वेकडून. आमचा कोळीवाडा रेल्वेने मधोमध कापला. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघून आमच्या अंगणात येऊन थांबली, त्याचं कौतुक सगळ्यांना. अंगण कोणाचं होतं ते कोणी विचारत नाही. असो.

मला वेगळंच विचारायचंय. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने ठरवलं की वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं काढून टाकायची. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशी नावं जाऊन समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी यायची. निर्णय योग्यच, दुमत नाही. ज्या नावाने माणसाला गावाबाहेर ठेवलं ते नाव सरकारी कागदावर कशाला. पण तेव्हा आमच्या एका तरुण मंडळात कोणीतरी म्हणालं, मग कोळीवाडाही बदलायचा का? जी बोंबाबोंब झाली! कोळीवाडा हे आमच्या हक्काचं नाव आहे. सीमांकनाच्या लढाईत आम्ही जिथे जातो तिथे "आमचा कोळीवाडा आहे" म्हणूनच उभे राहतो. उद्या त्याचं सागरनगर केलं तर परवा तिथे टॉवरचा नकाशा पास होईल.

ऋतुगंध

@मीठबंदर, फरक सरळ आहे. नाव वर लादलेलं आहे की आत राहणाऱ्यांनी छातीवर लावलेलं आहे. त्या वस्तीत राहणाऱ्याला विचारा, बाकीच्यांनी गप्प बसा.

पेठकर पाहुणा

पुण्यातून डोकावतोय. आमच्याकडे जंगली महाराजांचा जेएम झालाच आहे. पण पेठांना वारांची नावं आहेत, त्यावर अजून कोणाचं भांडण नाही. तुमच्या डीपी रोडला "गुरुवार" ठेवा, गुरुजीही खूश.

वाघबीळकर

पेठकर, हे ग्रुपवर टाकलं तर "मग सोमवारवाले आम्ही काय कमी" म्हणून चौथा तट पडेल.

नौपाड्याची नात

इंग्रजी नावांचं काय करायचं, यावर कोणी बोललं नाही. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबईतल्या काही स्टेशनांची नावं बदलायला मंजुरी दिली: करी रोडचं लालबाग, सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, चर्नी रोडचं गिरगाव, मरीन लाइन्सचं मुंबादेवी. मला यातली लालबाग, डोंगरी, गिरगाव ही नावं पटतात, कारण ती लोकांच्या तोंडी आधीच आहेत. एल्फिन्स्टन रोडचं २०१८ मध्ये प्रभादेवी झालं तेही चटकन रुळलं, त्याचं कारण तेच. उलट लॅमिंग्टन रोडला डॉ. भडकमकरांचं नाव देऊन जमाना झाला, वायरी घ्यायला जाणारा पोरगा अजून लॅमिंग्टनच म्हणतो. पेडर रोडचं गोपाळराव देशमुख मार्ग झालंय हे तिथे राहणाऱ्यांना तरी माहीत आहे का?

टेबल क्रमांक चार

नातबाई, तुमचं निरीक्षण बरोबर. स्टेशनांच्या बाबतीत राज्य प्रस्ताव पाठवतं, केंद्रीय गृहखात्याची नाहरकत लागते, मग रेल्वे पाट्या बदलते. गृहखात्याने १९५३ सालीच राज्यांना कळवलं होतं की लोकांच्या अंगवळणी पडलेलं नाव सबळ कारणाशिवाय बदलू नये, इतिहासाशी जोडलेली नावं शक्यतो राखावीत, नुसत्या स्थानिक अभिमानापोटी बदल करू नये. पत्र जुनं आहे, शहाणपणाचं आहे, आणि पाळलं किती गेलं ते तुम्ही जाणताच. दिल्लीत औरंगजेब रोडचा २०१५ मध्ये एपीजे अब्दुल कलाम रोड झाला, २०२२ मध्ये राजपथाचा कर्तव्यपथ झाला. सरकारं येतात तशा पाट्या येतात.

पण ऑफिसातून जे दिसतं ते मी सांगतो. नाव बदलाच्या फायलीत नव्वद टक्के रस नावात नसतो, पाटीच्या खालच्या ओळीत असतो. निळी पाटी, वर सत्कारमूर्तीचं नाव. खाली "संकल्पना" किंवा "यांच्या अथक प्रयत्नांतून", मग नगरसेवकाचं नाव, शेजारी हात जोडलेला फोटो. आमच्याकडे एकदा पाटी अशी बनून आली की स्वातंत्र्यसैनिकाचं नाव एका वितीत मावलं होतं आणि संकल्पनेने दीड हात खाल्ला होता. पुढे आचारसंहिता लागली. आमचा शिपाई खळीचा डबा आणि वर्तमानपत्रं घेऊन शिडीवर चढला. उन्हाची वेळ, पाटी तापलेली, कागद धरेना. त्याने अंदाजाने थापला आणि खाली उतरला. संध्याकाळी बघितलं तर स्वातंत्र्यसैनिक झाकले गेले होते आणि नगरसेवक हात जोडून उघडे! विरोधी पक्षाने फोटो काढून निवडणूक अधिकाऱ्याकडे तक्रार केली. शिपायाला मेमो मिळाला, त्याचं उत्तर मीच लिहून दिलं.

बावीस नंबर

काका, ते उत्तर जसंच्या तसं टंका ना इथे. हापिसी मराठीत हवं.

टेबल क्रमांक चार

"सदर दिवशी वाऱ्याचा वेग व फलकाचे तापमान विचारात घेता सदर कागद आपोआप वर सरकला असण्याची शक्यता नाकारता येत नाही." मेमो दप्तरी दाखल झाला.

ऋतुगंध

हसून झालं असेल तर माझं गाऱ्हाणं. तुमच्या घरापासून स्टेशनपर्यंत जाताना पाट्या वाचत जा आणि बाईचं नाव किती वेळा येतं बघा. जिजाऊ, सावित्रीबाई, अहिल्याबाई, झाशीची राणी, संपली यादी. या चौघी थोर आहेतच, पण शहरात काम करून गेलेल्या दुसऱ्या बायकाच नव्हत्या का? आनंदीबाई जोशी कल्याणच्या, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या. १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या. शुक्र ग्रहावर एका विवराला त्यांचं नाव आहे, पण घोडबंदर रोडवर एवढी मोठमोठी हॉस्पिटलं उभी राहिली त्यातल्या एकाही गल्लीवर मला त्यांची पाटी दिसलेली नाही. कोणाला दिसली असेल तर फोटो टाका, आनंदाने बघीन.

वाघबीळकर, तुमच्या गावठाणात सुईण असेलच की कोणीतरी. गुरुजींनी पोरं शाळेत घातली, पण ती जन्माला कोणी घातली?

वाघबीळकर

ऋतुगंध ताई, हा प्रश्न मी आज गावठाणात एका आजीला विचारला. ती आधी हसली, मग एक नाव सांगितलं. गुरुजींच्या घरची सगळी बाळंतपणंही तिनेच केली म्हणे. आता गावठाणातच दोन तट पडायची चिन्हं आहेत. मधला मार्ग असा निघतोय की रस्त्याला गुरुजी आणि आतल्या चौकाला ती सुईण. बिल्डरचं नाव मागणारे म्हणताहेत, मग आम्हाला किमान बागेचं गेट द्या.

माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. रस्ता ताब्यात असल्याचं प्रभाग कार्यालयातला एक जण तोंडी म्हणाला. पण काकांनी सांगितल्याप्रमाणे लेखी आल्याशिवाय कोणाला काही बोलणार नाही.

सारसोळे जेटी

चांगलं चाललंय. फक्त एक करा. पाटीवर नुसतं नाव नको, खाली एक ओळ टाका: कोण होते, इथे काय केलं. नाहीतर नातीच्या यजमानांसारखे लोक तुमच्या गुरुजींचं देऊळ शोधत फिरतील.

नौपाड्याची नात

अहो, यजमानांनी वाचलं हे! रुसलेत.

दिघ्याहून

उशिरा आलो, पण टेबल क्रमांक चार काकांना एक विचारायचंय. आमच्या ऐरोली-दिघा बाजूला एका चौकाला रीतसर नाव आहे, ठराव झालेला आहे. गटाराच्या कामात पाटी उखडली ती पुन्हा लागलीच नाही. आता गूगल मॅपवर तिथे कोणा एका चायनीजच्या गाडीचं नाव दिसतं, आणि रिक्षावालेही तेच म्हणायला लागलेत. तक्रार कोणाकडे करायची?

टेबल क्रमांक चार

अभियांत्रिकी विभागाकडे, विभाग कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्याच्या नावाने. अर्जाला ठरावाची प्रत जोडा. सचिव विभागात ठराव क्रमांक आणि सभेची तारीख सांगितली की प्रत मिळते. गटाराच्या ठेकेदाराच्या करारात काम झाल्यावर जागा पूर्ववत करून द्यायची अट बहुधा असते, तिचा उल्लेख करा, म्हणजे "निधी नाही" हे उत्तर यायचं नाही. आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आणि गूगलवर "बदल सुचवा" म्हणून पर्याय असतो, तिथे तुमच्या मंडळातल्या पोरांना बसवा. ते काम पालिकेपेक्षा लवकर होईल.